न सरकणारी दुर्बीण

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या वर, भिंतीतल्या दोन खुंट्यांवर, एक पांढरा पाइप आडवा ठेवलेला आहे. नवीन माणूस आला की त्याला वाटतं, नळाचं काम अर्धवट राहिलंय. परवाच एक पालक म्हणाले, "मॅडम, पाइप उरला का? आमच्या बोरला तेवढाच कमी पडून राह्यलाय." मी त्यांना म्हटलं, तो पाइप नाही, दुर्बीण आहे, आणि तुमची सगळी बोर विकली तरी मी ती देणार नाही. ते हसत हसत निघून गेले.

मी वाटूर फाट्यापासून जवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. माहेर याच भागातलं, कापूस आणि सोयाबीनवालं. बदलीची संधी आली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, जालन्याला जा, संभाजीनगरला जा, इथे काय ठेवलंय. मी गेले नाही. मुलं म्हणतात, मॅडम तापट आहेत. तसं काही नाही. मला फक्त 'ट्रिक' या शब्दाचा राग येतो. फळ्यावर खडू टेकवायच्या आधी मागून आवाज येतो, "मॅडम, यावर ट्रिक सांगा की." त्यांनी मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ पाहिलेला असतो, त्यात एक तरतरीत माणूस अख्खा धडा चुटकीसरशी उरकतो. दुर्बिणीची ट्रिक तर फारच प्रसिद्ध आहे: मोठा भागिले छोटा. म्हणजे पुढच्या भिंगाची फोकल लेन्थ भागिले डोळ्याकडच्या भिंगाची. भागाकार केला, पर्यायावर गोल केला, पुढचा प्रश्न.

भागाकार बरोबरच आहे, त्याला माझी ना नाही. पण दुर्बीण नेमकं काय करते, असं विचारलं की सगळे वह्या चाळायला लागतात. कोणी तरी धीर करून म्हणतं, "लांबचं जवळ आणते." मग माझं सुरू होतं. लांबचं जवळ कोण आणणार, बैलगाडी पाठवलीय का? पुढचं भिंग त्या लांबच्या वस्तूचं एक लहानसं, उलटं चित्र नळीच्या आत तयार करतं. डोळ्याकडचं भिंग, म्हणजे आयपीस, ही साधी वाचायची काच, आपण त्यातून ते चित्र मोठं करून बघतो. झाली दुर्बीण. आणि पुढचं भिंग रुंद कशाला हवं? मोठं दिसायला नाही, उजेड गोळा करायला. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, पण ज्याचं शेततळं रुंद त्याच्याकडे पाणी जास्त साठतं. ताऱ्याचा उजेडही असाच पडत असतो, आपल्या भिंगाचं तोंड केवढं तेवढा आपला. शेततळ्याचं सांगितलं की मुलं मान डोलावतात, कारण शेततळं त्यांच्या घरचं असतं.

ही दुर्बीण बनली त्या वर्षी अकरावीत एक मुलगी होती. कॉलेजच्या गच्चीवरून शेतांच्या पलीकडे एका गावाची पाण्याची टाकी दिसते, त्या गावची. खिडकीजवळच्या मागच्या बाकावर बसायची. बोलायला धीट नव्हती, पण विचारलं की उत्तर द्यायची आणि ते उत्तर ऐकत राहावं असं असायचं. एकदा मी विचारलं, जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींत भिंगाऐवजी आरसा का वापरतात. सगळ्यांनी पुस्तकातली पाठ केलेली ओळ म्हटली, रंग फाटत नाहीत म्हणून. ही उभी राहून म्हणाली, "तेवढंच न्हाई मॅडम. भिंगातून उजेड आरपार जायला पाहिजे, म्हणून त्याला धरायचं तर कडेलाच धरावं लागतं. मोठं भिंग आपल्याच वजनानं मधी वाकंल. आरशाला पाठीमागून टेकू देता येतो." मी तास संपेपर्यंत खुशीत होते.

आणि हीच मुलगी आकृती काढायला बसली की सगळा घोळ. पेपरात दुर्बिणीची आकृती म्हणजे काटेरी झुडूप. किरण भिंगापर्यंत यायच्या आधीच वाकलेले, एक तर उलटा ताऱ्याकडे परत निघालेला. मी लाल पेनने लिहिलं होतं, 'उजेड घरी चालला का?' पुस्तकातली आकृती समोर ठेवली तर ती हुबेहूब उतरवायची, पुस्तक मिटलं की पुन्हा झुडूप. सहामाहीला ती फिजिक्समध्ये नापास झाली, तीही आकृत्यांवर.

दिवाळीनंतर तिचे वडील आले. पांढरा शर्ट, पायजमा, हातात टोपी. शेतकरी माणूस, बोलणं मोजकं. "मॅडम, पोरगी म्हणती फिजिक्स डोक्यात शिरत न्हाई. रोज रडती. म्या म्हणलं, मंग आर्ट्सला जा. दाखला द्या."

वर्गशिक्षक म्हणून दाखल्याच्या आधी माझी सही लागते. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं? आमच्या घरात सायन्सला गेलेली ही पहिलीच. शिकली असती तर बरं वाटलं असतं. पण तिला त्रास देऊन न्हाई शिकवायचं मला."

ते इतकं सरळ बोलले की मला रागही काढता येईना. मी म्हटलं, "संक्रांतीपर्यंत थांबा. प्रकाशाचा धडा पूर्ण होऊ द्या. तरीही नको म्हणाली तर मी स्वतः सही करते."

"बराबर," ते म्हणाले. "संक्रांतीला येतो." आणि ते नेमके येणार, हे मला त्यांच्या टोपी घालण्यावरूनच कळलं.

तर दुर्बीण बनवायची ठरली ती अशी, निम्मी हट्टाने. झुडूप काढणारीच्या हातात खरी नळी द्यायची, म्हणजे किरण कुठून कुठे जातो ते तिला कळेल, असा माझा हिशेब. जालन्याच्या एका चष्मेवाल्याकडून प्लस एक नंबरची गोल, न कापलेली काच आणली. तिची फोकल लेन्थ एक मीटर. परतूरच्या घड्याळवाल्याने डोळ्याला लावायचं आपलं जुनं भिंग दिलं, त्याची फोकल लेन्थ पाच सेंटिमीटर. भागाकार करा, वीस पट. ट्रिक लागलीच तर ती एवढीच. पाइपाची तर आमच्याकडे ददातच नाही. मुलांनी दुसऱ्या दिवशी इतके तुकडे आणले की एखाद्या एकराला पाणी गेलं असतं.

फोकल लेन्थ खरी किती ते आधी मोजून घ्यायचं होतं. प्रयोगशाळेच्या खिडकीसमोर काच धरायची, मागे पांढरा कागद, आणि लांबच्या टाकीचं चित्र कागदावर स्पष्ट उमटेपर्यंत मागेपुढे करायचं. काम तसं कंटाळवाणं. बाकीच्यांनी एकेकदा पाहिलं, उलटी टाकी, बोटाच्या नखाएवढी, झालं. ही मुलगी मात्र तो कागद सोडेना. डोळे अगदी जवळ नेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, कागदावर किती साफ दिसून राह्यलंय." मला वाटलं, चला, गोडी लागली. मी एवढाच अर्थ काढला आणि पुढच्या कामाला लागले.

मग मला भाचीच्या साखरपुड्याला जावं लागलं. जाताना बजावून गेले: पुढची काच पक्की बसवा, पण डोळ्याकडची लहान नळी मोठ्या पाइपात सैल ठेवा. ती आतबाहेर सरकली पाहिजे.

परत आले तर दुर्बीण टेबलावर तयार. साफ घासलेली, कडा गुळगुळीत, आतून काळा रंगसुद्धा दिलेला. मी डोळ्याकडची नळी धरून ओढली. हलेना. फिरवली. हलेना.

"पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलं?" मी विचारलं.

वर्गाचा मॉनिटर पुढे आला. चष्मा घालणारा, उंच मुलगा. घरचा धंदा पाइपलाइन टाकून देण्याचा, बिनगळतीच्या कामासाठी दोन-चार गावांत नाव. तो अभिमानाने म्हणाला, "लावलं मॅडम. आता पाइप फुटंल, पण जोड सुटणार न्हाई."

"मी सैल ठेवा म्हणाले होते ना?"

"ठेवला व्हता मॅडम. पण हलत व्हता. हलता जोड म्हणजे गळका जोड. लोक बघतील तर काय म्हणतील? अन् सूत्रात तर लांबी दिलीच हाय की. दोन्ही फोकल लेन्थची बेरीज. तेवढीच कापली, तिघांनी मोजून. मिलिमीटर इकडं तिकडं न्हाई."

मी जी भडकले ती भडकलेच. सूत्रातली बेरीज एका डोळ्यासाठी असते, पुस्तकातल्या डोळ्यासाठी, ज्याला काहीही झालेलं नसतं. गावात डोळे शंभर तऱ्हेचे. कोणाला लांबचा नंबर, कोणाला जवळचा. म्हणून तर नळी सरकती ठेवायची, प्रत्येकाने आपल्या डोळ्याला जुळवून घ्यायची. आता ही ज्याला दिसेल त्याला दिसेल. मुलं खाली मान घालून ऐकत होती, पण मॉनिटरच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाची रेघही नव्हती. बोलता बोलता माझा हात त्या जोडावरून फिरत होता आणि जोड खरोखर अप्रतिम होता. असं काम शहरातल्या एकाही मुलाला जमलं नसतं. हे मी तेव्हा बोलले नाही, कारण रागवायचं अजून बाकी होतं.

तरी आम्ही ती गच्चीवर नेली. कठड्यावर वाळूचं पोतं, पोत्यावर दुर्बीण, समोर टाकी. मी आधी डोळा लावला. टाकी समोर उभी होती, म्हणजे उलटी टांगलेली, कडांना थोडा जांभळा रंग, आणि तिच्यावर रंगवलेलं गावाचं नाव अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मिलिमीटर इकडेतिकडे नव्हता. पोरांनी सूत्रावर विश्वास ठेवून नळी बुजवली होती आणि सूत्राने त्यांचा मान ठेवला होता.

मग रांग लागली. प्राचार्य वर आले. त्यांना वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचावं लागतं, पण दुर्बिणीत चष्म्याविना नाव वाचलं आणि दिवसभर स्टाफरूममध्ये सांगत फिरले की त्यांची नजर अजून तरणी आहे. उलट मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी दोन मुलं डोळे चोळत मागे सरकली, त्यांना नुसता धूर दिसत होता. मॉनिटरने चष्मा काढून डोळा लावला, त्यालाही धूर. तो कष्टी झाला, आपल्याच हातचं काम. मी म्हटलं, चष्मा घालून बघ. घातला, आणि टाकी लख्ख. आपला जोड गळका नाही हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर तिची पाळी. ती बराच वेळ वाकून उभी होती. मी विचारलं, नाव दिसतं का गावाचं? ती म्हणाली, "टाकी मोठी दिसती मॅडम. पण रोजच्यासारखीच."

"रोजच्यासारखी म्हणजे?"

"म्हणजे लांबचं सगळं जसं दिसतं तशी. कडा नसल्यासारखी."

कोणी तरी हसलं. मी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबलं. मॉनिटरने आपला चष्मा काढून तिच्यापुढे धरला. तिने तो डोळ्यांवर ठेवला, एका हाताने धरून, आणि पुन्हा वाकली. मी नाव विचारलंच नाही. ती स्वतःच एकेक अक्षर उलटं लावत म्हणत गेली, आपल्याच गावाचं नाव, पहिलीतल्या पोरासारखं.

मग तिने दुर्बिणीवरून डोळा काढला आणि चष्मा तसाच धरून जिना उतरली. आम्ही मागोमाग गेलो. ती थेट वर्गात गेली, आपल्या मागच्या बाकापाशी, आणि फळ्याकडे बघत उभी राहिली. फळ्यावर सकाळची दुर्बिणीची आकृती तशीच होती. ती बघत बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही रोज म्हणता, हा किरण इथून आला, इथं वाकला, अन् त्याला हा येऊन मिळाला. मला वाटायचं, बाकीच्यांना ऐकूनच कळतं. मलाच न्हाई कळत."

तिला हे ठाऊकच नव्हतं की इतरांना फळा दिसतो. तिला वाटत होतं, सगळे तिच्यासारखेच पांढऱ्या रेघांच्या ढगाकडे बघतात आणि तरी समजून घेतात, कारण ते हुशार आहेत. जे कानाने कळण्यासारखं होतं ते तिने वर्गात सगळ्यांच्या आधी उचललं होतं. जे 'हा' आणि 'इथं' करत दाखवायचं होतं, ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पुस्तकात पुरी झालेली आकृती दिसायची, पण कुठली रेघ आधी आणि कुठली नंतर, हे पुस्तक सांगत नाही. मला रडू आलं नाही, आधी राग आला, आणि तो कोणावर काढावा ते ठरेना. मग मी खडू घेतला, तिला चष्म्यासकट पहिल्या बाकावर बसवलं आणि आकृती पुसून पहिल्यापासून काढली. मॉनिटर बिचारा तासभर आंधळ्यासारखा बसून होता.

चष्मा लागला. तिचे वडील आधी म्हणाले, "चष्मा? आमच्या घरात कोणालाच न्हाई." नंतर डॉक्टरांकडून येताना पोरीने एसटीच्या खिडकीतून दुकानांच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचल्या म्हणे. तेव्हापासून त्यांनी तो विषय काढला नाही.

संक्रांतीला ते आले. ठरल्याप्रमाणे. हातात तिळगुळाचा डबा. मी सहीसाठी पेन काढून टेबलावर ठेवलं, मुद्दामच. ती बाजूला उभी होती. तिने पेनाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अण्णा, दाखला नको." ते म्हणाले, "निम्मं वरीस गेलं की तुझं." ती म्हणाली, "भरून काढते." त्यांनी जरा विचार केला. "मंग असं करू. बारावीला फिजिक्स निघालं तर पुढचं तुझ्या मनानं. न्हाई निघालं तर माझ्या मनानं." दोघांचं ठरलं. पेन मी परत पर्समध्ये टाकलं आणि तिळगूळ खाल्ला.

पुढचं वर्ष तिने कसं काढलं ते मी पाहिलंय. गेलेलं निम्मं वर्ष भरून काढणं सोपं नसतं. मागचे धडे पुन्हा करायचे, पुढचे चालूच. कितीदा तरी ती कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेत बसायची आणि रिकाम्या फळ्यावर आकृत्या काढून पुसायची. तोंडी परीक्षेची मात्र तिला धास्ती होती. सहामाही तोंडीला माझ्यासमोरच तिची वाचा बसली. मी काळजीत पडले, कारण फिजिक्समधलं तिचं गणित अजूनही काठावर होतं आणि प्रॅक्टिकलचे गुण तिला हवेच होते.

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. दुसऱ्या तालुक्यातले, वयाने माझ्याहून मोठे, शिस्तीचे. जाड काचांचा चष्मा, दोरीने गळ्यात अडकवलेला. मी कॉलेजची परीक्षक म्हणून हजर, पण तोंडी परीक्षेत मला तोंड उघडायची मुभा नाही. माझ्यासाठी ही शिक्षाच असते. तिचा नंबर आला. त्यांनी दोन साधे प्रश्न विचारले, ती अडखळली. तेवढ्यात त्यांची नजर कपाटावरच्या पाइपावर गेली.

"हे काय?"

"दुर्बीण हाय सर. आम्ही बनवलेली."

"बघू." त्यांनी ती काढायला लावली, खिडकीत टेकवली, आणि बहुतेक माणसं करतात तेच केलं. चष्मा काढून छातीवर सोडला आणि डोळा लावला. नळी ओढून पाहिली, फिरवून पाहिली. "हिचा फोकस नाही. सरकतही नाही. ही शोभेची आहे का?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी वळले आणि ज्याची धूळ आदल्याच दिवशी पुसली होती ते व्होल्टमीटर पुन्हा पुसायला घेतलं.

मागून तिचा आवाज आला, स्वच्छ. "सर, चष्मा घालून बघा."

"दुर्बिणीला चष्मा कशाला?"

"दुर्बिणीला न्हाई सर, तुम्हाला. लांबच्या वस्तूवरून किरण समांतर येतात आणि आयपीसमधून बाहेर पडतानाही समांतरच पडतात. म्हणजे बघणाऱ्याला ती वस्तू लांबच असल्यासारखी. तुम्हाला लांबचा नंबर हाय. नळी सरकती असती, तर आयपीस थोडा आत घेऊन चष्म्याचं काम नळीनं केलं असतं. आमची सरकत न्हाई. म्हणून चष्मा ठेवायचा."

"आत का? बाहेर का नाही?"

मी मीटर पुसायची थांबले.

"आत घेतल्यावर किरण थोडे पसरत बाहेर येतात सर. जवळच्या वस्तूवरून आल्यासारखे. लांबचा नंबर असणाऱ्याला जवळचं दिसतंच की. कागद द्या, काढून दाखवते."

आणि तिने काढली. पट्टीशिवाय, न थांबता. काढताना बोलत होती: ताऱ्याकडून येणारा वरचा किरण, भिंगाच्या मधून सरळ जाणारा किरण, नळीतलं उलटं चित्र, त्या चित्राच्या टोकापासून आयपीसकडे निघालेला किरण. प्रत्येकाला नाव होतं. एकदाही ती 'हा' म्हणाली नाही, एकदाही 'इथं' म्हणाली नाही. डोळे बांधून बसलेल्या माणसालाही आकृती दिसली असती. मी इतकी वर्षं शिकवतेय, मला असं शिकवता आलेलं नाही.

परीक्षकांनी चष्मा चढवला आणि वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते.

"टाकी उलटी आहे," ते शेवटी म्हणाले.

"उलटीच असती सर."

तिला बाहेर पाठवल्यावर त्यांनी गुण लिहिले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बाकी काम उत्तम आहे मॅडम. पण नळी सरकती का नाही ठेवली?" मी म्हटलं, "सर, आमच्या पोरांना गळका जोड चालत नाही." त्यांना काही कळलं नसावं. मला कळलं, तेवढं पुरे.

आता दर वर्षी अकरावीच्या पहिल्या आठवड्यात मी तो पाइप खाली काढते. सगळ्यांनी एकेक करून टाकीवरचं नाव वाचायचं. ज्याला धूर दिसतो त्याच्या घरी मी त्याच दिवशी फोन करते. सरकती दुर्बीण असती तर प्रत्येकाने आपापल्या डोळ्याला जुळवून घेतली असती आणि कोणाला काय दिसत नाही ते मला कधीच कळलं नसतं. नवीन पोरांनी विचारलं की मी सांगते, ही मुद्दाम अशी बनवलीय. मॉनिटर परवा भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, तेव्हा तर लई शिव्या दिल्त्या." मी म्हटलं, त्या जोडाला नव्हत्या.

बारावीच्या निकालानंतर तिचे वडील पुन्हा आले. फिजिक्स निघालं होतं, नुसतं निघालं नव्हतं, चांगलं निघालं होतं. तिला जालन्याला बीएस्सीला जायचं होतं, फिजिक्सच घेऊन. दाखल्याच्या अर्जावर सही करायची म्हणून त्यांनी खिशातून जवळचा चष्मा काढून नाकावर लावला. तोही नवाच होता. पोरीनेच डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी सावकाश सही केली, मी माझी केली. दाखला हातात घेऊन ते उठले आणि कपाटाकडे बघत म्हणाले, "ती नळी हीच का?"

ती खुर्चीवर चढली, पाइप खाली काढला, खिडकीत टेकवला. ते वाकले तसा तिने त्यांच्या खांद्याला हात लावला. "अण्णा, तुम्ही चष्मा काढा. तुम्हाला लांबचं दिसतं."

त्यांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि डोळा लावला. आम्ही दोघी मागे उभ्या होतो. तिने विचारलं, "दिसून राह्यलं का?"

"दिसून राह्यलं," ते म्हणाले. "उलटं हाय. पण गाव आपलंच हाय." आणि डोळा न काढता त्यांनी हात मागे करून तिचा हात धरला.